खबर वेळेत पोचावी म्हणून

माणूस अंथरुणातून उठून उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त छातीतून खाली, पोटाच्या आणि पायांच्या शिरांमध्ये उतरतं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब घसरतो. खरं तर त्याने तिथेच भोवळ येऊन पडायला हवं. पडत नाही, कारण मानेत दोन्ही बाजूंना, मुख्य धमनी जिथे दुभंगते तिथे, भिंतीला एक लहानसा फुगवटा असतो. त्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं पसरलेली असतात आणि भिंत किती ताणली गेली आहे हे ती मेंदूच्या देठाला अखंड कळवत राहतात. ताण कमी झाला की एक-दोन ठोक्यांतच हृदय वेग धरतं, पुढच्या काही सेकंदांत पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. तोवर माणूस पायाने चपला चाचपत असतो. सकाळचा हा सगळा खटाटोप त्याच्या गावीही नसतो.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या क्लोद बर्नारने सांगितलं की आपल्या पेशी बाहेरच्या जगात राहतच नाहीत. त्या राहतात आतल्या द्रवात, आणि तो द्रव जपला जातो म्हणून प्राणी बाहेरच्या थंडीवाऱ्यात मोकळा फिरतो. पुढे वॉल्टर कॅननने 1926 मध्ये या जपणुकीला होमिओस्टॅसिस असं नाव दिलं आणि 1932 मध्ये त्यावर मोठं देखणं पुस्तक लिहिलं. तेव्हापासून आपण शरीराचा समतोल, स्थैर्य असं बोलत आलो. पण आत डोकावून पाहिलं तर स्थिर असं तिथे काहीच सापडत नाही. निरोगी हृदयाचे ठोकेसुद्धा एकसारखे नसतात. श्वास आत घेताना ते जरा घाईने पडतात, सोडताना रेंगाळतात. प्रसूतीच्या वॉर्डात पोटातल्या बाळाच्या ठोक्यांचा आलेख कागदावर उमटत असतो, तो बारीक खालीवर थरथरत असेल तर डॉक्टर निर्धास्त असतात. तीच रेघ बराच वेळ सपाट, सरळ राहिली की ते खुर्ची ओढून जवळ येतात. ती थरथर म्हणजे चुकणं आणि सावरणं. जिवंत शरीर दर क्षणी थोडं चुकतं आणि पुढच्या क्षणी सावरतं. चूक मोठी होण्याआधी तिची खबर पोचते, एवढीच त्याची किमया. माझ्या मते सगळी मदार त्या वेळेवर पोचण्यावर आहे. हे मला पुस्तकांआधी अण्णांकडून कळलं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, शेतावरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. विहिरीवरचं इंजिन कधी कधी एका लयीत चालायचं सोडून धापा टाकायला लागायचं. वेग चढायचा, चढायचा, मग एकदम बसायचा, बंद पडतंय की काय असं वाटेपर्यंत उतरायचा आणि पुन्हा उसळायचा. अण्णा बांधावरूनच म्हणायचे, ‘हंटिंग मारतंय.’ दोष बहुतेक वेळा गव्हर्नरच्या जोडणीत निघायचा. वाफेच्या इंजिनाला जेम्स वॉटने 1788 मध्ये जो फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, त्याचाच हा वंशज. इंजिन जोरात फिरलं की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि इंधन कमी करतात, वेग मंदावला की ती आत येतात आणि इंधन वाढवतात. ही जोडणी चिकट तेलाने, धुळीने अडकायला लागली की वजनांचा निरोप पोचतो, पण उशिरा. वेग कमी करा असा निरोप लागू होतो तेव्हा वेग आपोआपच उतरायला लागलेला असतो, मग तो गरजेपेक्षा जास्त उतरतो. वाढवा असा निरोपही असाच मागून येतो. अण्णा डिझेलने ती जोडणी धुवून काढायचे, बोटाने हलवून बघायचे. ती अलगद हलायला लागली की इंजिन पुन्हा एका सुरात बोलायचं.

ग्रीनिचच्या जॉर्ज एअरी या खगोलवेत्त्याला हाच त्रास झाला होता. आकाशातल्या ताऱ्याच्या गतीने दुर्बीण सावकाश वळत राहावी म्हणून लावलेलं त्याचं नियंत्रित यंत्र मधूनच बेभान व्हायचं. 1840 मध्ये त्याने त्याचं गणित मांडायला घेतलं. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1868 मध्ये गव्हर्नरांवर निबंध लिहून सावरणारी यंत्रणा कधी सावरते आणि कधी स्वतःच डोलायला लागते याच्या अटी शोधल्या. विजेचे आणि प्रकाशाचे नियम समीकरणांत मांडणारा माणूस इंजिनावरच्या गोळ्यांसाठी बसला, याचा मला फार आनंद वाटतो.

अण्णांचं हृदय शेवटच्या वर्षांत थकलं. रात्री मी त्यांच्याजवळ असायचो. झोपेत त्यांचा श्वास उथळ असायचा, मग एकेक श्वास आधीच्यापेक्षा खोल होत जायचा, छाती भात्यासारखी हलायची, मग उतरत उतरत थांबायचा. पूर्ण थांबायचा. मी त्यांच्या खांद्याला हात लावणार तेवढ्यात पुन्हा हलका श्वास सुरू व्हायचा. डब्लिनच्या जॉन चेन या डॉक्टरने 1818 मध्ये आणि त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्सने 1854 मध्ये वर्णन केलेला हा श्वास आहे, आजही तो त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. अशक्त हृदयात त्याची कारणं एकाहून जास्त असतात, पण एक मोठं कारण उशिराचं आहे. किती श्वास घ्यायचा हे मेंदू रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवरून ठरवतो. फुप्फुसातून निघालेलं रक्त निरोगी माणसात काही सेकंदांत मेंदूपाशी पोचतं. हृदय थकलं की हीच वाट लांबते. मेंदूच्या हाती येते ती मघाची खबर. मघा वायू साठला होता म्हणून तो आता जोराने श्वास घ्यायला लावतो, आणि वायू पुरेसा बाहेर गेला हे त्याला कळतं तोवर तो गरजेपेक्षा जास्त गेलेला असतो. मग तो श्वास थांबवतो. त्यातच थकलेल्या शरीरात त्याची प्रतिक्रिया अधिक तिखट झालेली असते. त्या रात्रींमध्ये मला हे सगळं माहीत होतं, आणि तरीही प्रत्येक थांबलेल्या श्वासाशी मी थांबत होतो. अण्णांच्या मेंदूचं काही चुकत नव्हतं, तो मिळालेल्या निरोपाशी इमान राखून काम करत होता. या विचाराने मला तेव्हा धीर आला, अजूनही येतो.

माणसाने बनवलेली यंत्रं शरीराच्या या कामात हात घालायला लागली तेव्हा सुरुवातीला ती ऐकतच नव्हती. 8 ऑक्टोबर 1958 ला स्वीडनमध्ये ऑके सेनिंग या शल्यविशारदाने आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पूर्णपणे आत बसणारा पेसमेकर घातला. तो रूने एल्मक्विस्टने तयार केला होता, बूटपॉलिशच्या डबीचा साचा वापरून. तो काही तासांतच बंद पडला. पण लार्सन पुढे वीसहून अधिक उपकरणं बदलत 2001 पर्यंत जगले, आपल्या शल्यविशारदाच्या आणि अभियंत्याच्याही मागे. त्या पहिल्या पिढीचे पेसमेकर ठरलेल्या वेगाने ठोका देत राहायचे, हृदय मध्येच स्वतःचा ठोका द्यायला लागलं तरी. दोघांचे ठोके एकमेकांत घुसायचे आणि त्यातून धोका उद्भवायचा. साठच्या दशकात बारू बर्कोविट्स यांनी वाट पाहणारा पेसमेकर आणला. तो हृदयाचा ठोका ऐकतो, ठरावीक वेळेत तो आला नाही तरच स्वतः देतो. पुढे त्यात हालचाल ओळखणारा सेन्सर आला, चालायला लागलं की ठोका वाढवणारा. माझ्या मावशीच्या अंगात तो आहे. जिना चढण्यापेक्षा उतरताना शरीराला हिसके जास्त बसतात, म्हणून अशा सेन्सरला उतरणंच जास्त कष्टाचं वाटू शकतं. खडबडीत रस्त्यावर एसटीतही तो जागा होऊ शकतो. मान, स्नायू, रक्तातला वायू, नुसती उठायची इच्छा, एवढ्या ठिकाणांहून शरीराला ज्या खबरी येतात, त्यांतली एक या यंत्राला मिळाली आहे. तेवढ्यावर मावशी दोन मजले चढते, देवळात जाते.

पण सर्वांत अवघड काम साखरेचं, आणि ते मी ताईच्या घरात पाहतो. भाचीला लहानपणी टाईप वन मधुमेह झाला. स्वादुपिंडातले पेशींचे जे छोटे पुंजके पाउल लांगरहान्सने विद्यार्थिदशेत, 1869 मध्ये पाहिले, त्यांतल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी तिच्या शरीराने स्वतःच नष्ट केल्या. निरोगी माणसात या पेशी साखर स्वतः चाखतात आणि इन्सुलिन थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडतात. रक्तातलं हे इन्सुलिन काही मिनिटांत निम्मं संपून जातं. दिलेलं लगेच विरून जातं, म्हणजे अंदाज चुकला तर जवळजवळ परत घेता येतं. भाचीला कातडीखाली टोचलेलं इन्सुलिन मात्र जलद म्हटलं तरी दहा-वीस मिनिटांनी काम सुरू करतं, तासा-दीड तासाने जोर धरतं आणि तीन-चार तास रेंगाळतं. आमच्या शेताला येणारं कालव्याचं पाणी असंच. शेत टेलला, वरून आवर्तन सुटलं की पाणी आमच्यापर्यंत यायला दिवस लागायचे, तोवर कधी पाऊस पडून गेलेला असायचा आणि आलेलं पाणी परत पाठवायची सोय नव्हती.

ताईने कित्येक वर्षं हे काम हाताने केलं. भाकरी किती, वरण किती, सणाला पुरणपोळी किती, त्यावर युनिट किती. रात्री दोनला उठून बोट टोचायचं. शाळेत खो-खोचा सामना झाला की त्या रात्री जास्त जागायचं, कारण खेळलेलं कित्येक तासांनी साखर उतरवतं. आणि साखर घसरली तर निरोगी शरीर ग्लुकॅगॉन सोडून ती वर उचलतं, तोही आधार टाईप वनमध्ये काही वर्षांत लुळा पडतो. शुगर लो होऊन पोर घामाने भिजलेली, हात थरथरतायत, आणि ताई साखरपाणी पाजते आहे, हे मी पाहिलंय. डोळ्यांखाली काळं आलेली ती बाई त्या घरातल्या एका स्वादुपिंडाच्या जागी उभी होती. तिच्या जागरणांपुढे मला कुठलंही यंत्र मोठं वाटत नाही, आणि म्हणूनच तिला झोप देणारं यंत्र यावं असं मनापासून वाटतं.

ते आता आहे. अमेरिकेत 2016 मध्ये पहिल्या अशा यंत्रणेला मान्यता मिळाली. कातडीखालचा सेन्सर दर पाच मिनिटांनी साखर मोजतो, पंप त्यावरून बेसल इन्सुलिन, म्हणजे दिवसरात्र थोडंथोडं सोडायचं इन्सुलिन, कमी-जास्त करतो. तरी जेवताना काय आणि किती खातोय हे माणसाला सांगावंच लागतं. कारण पुन्हा तेच. सेन्सर रक्तात नसतो, पेशींभोवतीच्या द्रवात असतो, त्याची खबर रक्ताच्या काही मिनिटं मागे चालते, आणि पंपाचं इन्सुलिन त्याहून कितीतरी मागे. जेवण पोटात गेल्यावर कळून उपयोग नाही, आधी कळायला हवं. गणित कितीही तल्लख असलं तरी त्याला उशीर भरून काढता येत नाही, उशिरासकट काम करायला शिकावं लागतं. साखर कुठे आहे यापेक्षा कुठे चालली आहे आणि आधीचं किती इन्सुलिन अजून शिल्लक आहे, हे ते मोजत राहतं. रात्री मात्र हे यंत्र खरोखर उत्तम चालतं. रात्री कुणी जेवत नाही.

त्याची किंमत काही लाखांत जाते, सेन्सरचा खर्च महिन्यामागून महिना चालूच राहतो. आपल्याकडच्या बहुतेक आयांसाठी रात्री दोनचा गजर हाच अजून उपाय आहे, आणि ते मला अन्यायाचं वाटतं. इन्सुलिन जसं जगण्यासाठी आवश्यक, तशी ही झोपही आवश्यक आहे. सरकारी दवाखान्यांतून मुलांना हे यंत्र मिळायला हवं.

भाचीला यंदा शिकायला दुसऱ्या गावी, हॉस्टेलवर जायचं आहे. तिथे ताई नसेल. पंप घ्यायचं ठरलं आहे, पैशांची जुळवाजुळव चालली आहे, मीही त्यात आहे. परवा कंपनीचा माणूस समजावून सांगायला आला तेव्हा ताई किंमत, हप्ते, पाण्यात चालतो का, असं विचारत होती. भाचीने विचारलं, ‘सेन्सर आणि पंपाचा संपर्क तुटला तर पंप काय करतो?’

‘अंदाज बांधत बसत नाही,’ तो म्हणाला. ‘आधी ठरवून दिलेल्या बेसलवर जातो.’

‘तो बेसल कुणी ठरवलेला?’

‘तुम्ही आणि तुमच्या डॉक्टरांनी.’

तिने ते वहीत लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न काढला.