मुरघासाचा खड्डा

लवळ्याच्या वसतिगृहात आम्ही शिकत होतो, त्या काळी शाळेच्या गोठ्यात तीन गायी होत्या. पावसाळ्यानंतर डोंगरउतारावर गवताला तोटा नसे; चैत्र लागला की तेच उतार करपून जात आणि गायींपुढे नुसता भाताचा पेंढा उरे. एका उन्हाळ्यात त्यांतली एक गाय विकावी लागली. त्या संध्याकाळी वंदनेत आमचे मन लागले नाही.

पुढच्या आश्विनात सरांनी आमच्याकडून खड्डा खणून घेतला. सांडपाण्यावर वाढलेले संकरित नेपियर गवत आणि कुंपणाच्या सुबाभळीचा कोवळा पाला यांचा मुरघास करावयाचा होता. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या बायफ संस्थेने या सुबाभळीचा मोठा प्रसार केला. सर समजावून सांगत : गवताने पोट भरते, पण त्यात प्रथिने थोडी, पाल्यात प्रथिने भरपूर, पण नुसता पाला नीट आंबत नाही. म्हणून तीन भाग गवतास एक भाग पाला आणि शंभर किलोमागे दोन किलो गूळ. पाला याहून फार वाढवायचा नाही, कारण सुबाभळीतील मायमोसीनमुळे जनावरांचे केस गळतात.

गवत अर्धा दिवस सुकवून आम्ही इंचभर कुट्टी केली, थर रचले आणि तुडवले. कंटाळून कडा मात्र तशाच सोडल्या. वर प्लास्टिक व माती घातली. किमान ४५ दिवस तो उघडायचा नव्हता. फाल्गुनात उघडला, तेव्हा मधला चारा पिवळसर हिरवा, आंबूस वासाचा निघाला. कडांना, जेथे हवा राहिली होती, तेथे काळी बुरशी. सर रागावले नाहीत. नासलेला चारा त्यांनी आमच्याच हातांनी उकिरड्यावर टाकविला. दुसऱ्या वर्षी आम्ही कडा आधी तुडवल्या. त्या उन्हाळ्यात एकही गाय विकली गेली नाही.

आमच्या आजोबांच्या वाट्याला गावची मेलेली ढोरे ओढणे आले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले आणि त्या पिढीने पोटाला चिमटा घेऊन ते पाळले. त्यांचीच नातवंडे आम्ही. जित्या गायीच्या उन्हाळ्यातल्या घासाची तजवीज आश्विनातच करायला या शाळेत शिकलो. आज आमच्यापैकी ज्यांच्या दारी जनावरे आहेत, ते दरवर्षी खड्डा भरतात आणि मुलांना पहिल्यांदा कडा तुडवायला सांगतात.