वारा सरला का?

पोटाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी राउंडला आलेले डॉक्टर आधी हेच विचारतात. माझी आत्या लाजून पदर सावरत बसली. सगळ्या वॉर्डासमोर असली चौकशी! पण हाताळली गेलेली आतडी काही काळ निपचित पडतात आणि ती जागी झाल्याची पहिली वर्दी हीच असते.

त्याच दिवसांत आतल्या अंधारात आणखी एक काम चाललेलं असतं. मला त्याची फार ओढ वाटते. उदरपोकळीला ओलसर, तलम अस्तर असतं, पेरिटोनियम नावाचं; आतड्यांवरूनही तेच गेलेलं. उलगडून पसरलं तर साधारण आपल्या कातडीएवढं भरेल. कातडीची जखम कडांकडून आत भरत येते, म्हणून मोठी जखम जास्त दिवस घेते. या अस्तराचं तसं नाही. खरचटलेला भाग सगळीकडून एकाच वेळी नवा होऊ लागतो. बोटभर असो की वीतभर, आठवडाभरात सांधतो. आधी त्यावर फायब्रिनचे धागे पसरतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट, आणि शेजारचं आतडं त्यांना लागतं. मग शरीरच ते धागे विरघळवून टाकतं. मात्र जिथे रक्तपुरवठा तुटलेला असतो, जंतुसंसर्ग असतो, रक्त साकळून राहिलेलं असतं, तिथे ते राहून जातात. त्यांच्यात पेशी शिरून कोलॅजन विणतात, पुढे रक्तवाहिन्या येतात, नसाही येतात. आतडी चिकटतात ती अशी.

पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर बहुतेकांच्या आत असे बंध राहतात, आणि बहुतेकांना ते जन्मभर कळतही नाहीत. आत्याला कळले. गर्भपिशवी काढून बरीच वर्षं उलटल्यावर एका रात्री तिचं पोट पिळवटून आलं. उलट्या थांबेनात, पोट फुगून टणक झालं. नाकातून नळी, हाताला सलाइन, तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि वाट पाहणं. आतड्याचा रक्तपुरवठा शाबूत असेल तर पुष्कळदा अडलेलं आपोआप सुटतं. तिचं सुटलं.

“एकदाचं कापून मोकळं करा की हो,” ती डॉक्टरांना म्हणाली. पण कापलं की नवी जखम आली, नवे धागे आले. म्हणून जीवावर बेतल्याशिवाय ते हात घालत नाहीत.

मग घरी येणाऱ्या प्रत्येकाने एकेक उपाय आणला. अननसातलं ब्रोमेलेन, हळदीच्या कॅप्सूल, सेराशिओपेप्टिडेज. हे शेवटचं रेशमाच्या किड्याच्या आतड्यातल्या जिवाणूत सापडलं; आपल्याकडे सूज उतरायला सर्रास देतात. जपानमध्ये मूळ कंपनीनेच २०११ साली ते बाजारातून मागे घेतलं, कारण चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. पक्का झालेला बंध गोळीने विरघळतो याला माणसांवरचा भरवशाचा पुरावा नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत असल्या गोळ्या घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून आत्याच्या डब्यातून मी त्या काढून टाकल्या. तिला सोसलं ते मऊ जेवण, थोडं थोडं, नीट चावून. संत्र्याचा चोथा अरुंद जागी अडकू शकतो, तो टाळलेला बरा.

चिकटणं टाळायचं तर ते मुख्यतः सर्जनच्या हातात असतं. अलगद हाताळणी, अस्तर कोरडं पडू न देणं, शक्य तिथे दुर्बिणीचं ऑपरेशन, पावडर नसलेले हातमोजे. त्या पावडरीनेही बंध तयार होतात. अमेरिकेत पावडरच्या मोज्यांवर २०१७पासून बंदी आहे. रुग्णाने लवकर उठून चालावं, उशी पोटाशी धरून खोकावं. चालण्याने बंध टळतात असं सिद्ध झालेलं नाही, पण पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा, छाती भरण्याचा धोका कमी होतो. तेवढ्यासाठीही मी प्रत्येक आजारी माणसाला हात देऊन उठवीन.

आणि गरज नसताना पोट उघडूच नये. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. यांतल्या किती तरी जणी उसाच्या फडातच राबतात, दवाखाना कोसभर दूर. पिळवटणारं पोट, न थांबणाऱ्या उलट्या, फुगलेलं पोट, शौच आणि वारा दोन्ही बंद: यातलं काही झालं तर घरी काढा करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा, एवढं प्रत्येकीच्या डिस्चार्जच्या कागदावर ठळक मराठीत छापलेलं असावं, आणि जिला वाचता येत नाही तिला नर्सने ते दोनदा वाचून दाखवावं.