मंद नेमकं काय झालं होतं?

लॅपटॉप २०१५चा, त्यामुळे घरात सगळ्यांनी निकाल देऊन टाकला होता. मुलगा म्हणाला, "आई, दहा वर्षं वापरलास, आता नवाच घे." त्याचं चूक नव्हतं. शब्दकोशाची जाडजूड पीडीएफ, ब्राउझरचे पाच-सहा टॅब आणि भाषांतराची फाइल एकदम उघडली की यंत्र गपगार पडायचं. भाषांतर हे माझं पोटापाण्याचं काम. मोबदला शब्दांवर मिळतो, ताटकळत बसण्याचा मिळत नाही.

तरी चाळीस-पन्नास हजार मोजण्याआधी मला कळून घ्यायचं होतं की यातलं मंद नेमकं काय झालंय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि तो बाजूला ठेवून नेहमीचं काम करत राहिले. प्रोसेसर बहुतेक वेळ निवांत होता. चार जीबी रॅम जवळजवळ भरलेली. आणि डिस्कचा रकाना मात्र शंभर टक्क्यांवर, तिथून हलायला तयार नाही.

मग सगळा उलगडा झाला. रॅम भरली की विंडोज तिच्यातला मजकूर हार्ड डिस्कवर सरकवतं आणि लागेल तेव्हा परत उचलतं. माझी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साधारण साडेपाच मिलिसेकंद. डोकं सरकायला लागणारा वेळ वेगळा. एका तुकड्याला हे काहीच नाही. पण एक प्रोग्रॅम उघडताना असे हजारो बारीक तुकडे वेचावे लागतात. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, त्यामुळे हाच वेळ एका मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशावर येतो. माझा प्रोसेसर म्हातारा झालेला नव्हता. त्याला वेळेवर वाढणारं कोणी नव्हतं, एवढंच.

पण नवा घ्यायच्या बाजूनेही एक भक्कम मुद्दा होता, आणि तो सुट्या भागांनी सुटणारा नव्हता. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. माझा पाचव्या पिढीचा. माझ्याकडे लोकांचे करारनामे येतात, रुग्णांची संमतिपत्रं येतात. सुरक्षेचे अपडेट थांबलेल्या यंत्रावर ती उघडून इंटरनेटला जोडून बसणं मला पटणारं नव्हतं. पैसे वाचतात म्हणून दुसऱ्याचा गोपनीय कागद उघड्यावर ठेवता येत नाही.

म्हणून नवे लॅपटॉपही मनापासून पाहिले. माझ्या बजेटमध्ये जे हलके, सुबक दिसत होते त्यांतल्या बऱ्याच यंत्रांची आठ जीबी रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, जास्तीचा स्लॉट नाही. म्हणजे चार-पाच वर्षांनी आठ जीबी अपुरी पडली तर वाढवण्याचा मार्गच बंद. कीबोर्डही उथळ. दिवसभर मराठी इन्स्क्रिप्ट मांडणीवर टंकणाऱ्या बोटांना कळ किती खोल जाते हे फार महत्त्वाचं असतं. दुकानातल्या माहितीपत्रकावर ते सहसा लिहिलेलं नसतं.

शेवटी डोंबिवलीहून लोकल पकडून, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी सुटे भाग घ्यायला येणारे सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. दुकानातल्या कारागिराने यंत्र उघडायच्या आधी झाकण दोन-तीनदा उघडमीट करून पाहिलं. "मॅडम, हिंज चांगली आहे. ती गेली असती तर मी म्हटलं असतं, यावर खर्च करू नका." मग खालच्या बाजूवरून बोट फिरवून बॅटरी फुगली नाही ना ते तपासलं. लिथियमची बॅटरी फुगली की ती लगेच काढावी लागते, तिथे काटकसर नाही. आत पंख्याला धुळीचा थर, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून पापुद्रा झालेली. चार जीबी बोर्डावर पक्की आणि शेजारी एक स्लॉट रिकामा! त्यात आठ जीबीची पट्टी बसली. ती डीडीआरथ्री-एल, १.३५ व्होल्टची लागते, साधी १.५ व्होल्टची चालणार नाही, हे त्याने स्वतःहून सांगितलं. अशी माणसं या रस्त्यावर आहेत तोवर जुन्या यंत्रांना आशा आहे असं मला खरंच वाटतं.

रॅम, ५०० जीबीची एसएसडी, नवी बॅटरी, साफसफाई, सगळं मिळून आठ हजारांच्या आत. जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून घेतली, ती आता बॅकअपला.

राहिला विंडोजचा प्रश्न. एसएसडीचे दोन भाग केले. मोठ्या भागावर लिनक्स मिंट; त्याला अपडेट मिळत राहतात आणि त्यात मराठी इन्स्क्रिप्टची सोय आहे. भाषांतरासाठी ओमेगाटी चालतं, तेही मोफत. लहान भागावर विंडोज १० ठेवलं, त्याचं इंटरनेट कायमचं बंद. ते लागतंच, कारण माझं जुनं काम युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे आणि तो फॉन्ट व त्याचा प्रोग्रॅम नसेल तर त्या फाइलींत नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. नव्या लॅपटॉपवर हा गुंता मला आणखीच जड गेला असता.

हे सगळ्यांना लागू पडेल असं मी म्हणत नाही. माझी एक मैत्रीण ध्वनिपुस्तकांचं संपादन करते. तिच्या लॅपटॉपची हिंज निखळलेली, पडद्यावर उभ्या रेघा, आणि मोठ्या ध्वनिफाइलींवर प्रक्रिया करताना प्रोसेसरच शंभर टक्क्यांवर. तिला मी नवाच घ्यायला सांगितलं, फक्त रॅमचा स्लॉट रिकामा आहे का आणि एसएसडी बदलता येते का, हे विचारूनच पैसे दे म्हटलं. माझ्या यंत्राचा मदरबोर्ड गेला तर मीही दुरुस्तीला पैसे घालणार नाही. एसएसडी काढून घेईन, बॅटरी आणि सांगाडा ई-कचरा अधिकृतपणे घेणाऱ्यांकडे देईन आणि तिच्यासारखीच दुकानात जाऊन तेच दोन प्रश्न विचारीन.