अलका चौक ते ऑशकॉश

दोस्तांनो, पुण्याची विसर्जन मिरवणूक पाहिली आहे का तुम्ही? टीव्हीवर नव्हे हं! प्रत्यक्ष उभं राहून, ढोलाचा दणका छातीत घेत, गुलालाने केस लाल करून. पाहिली नसेल तर चला माझ्याबरोबर नारायण पेठेत. तिथून पुढे आपल्याला फार लांब जायचं आहे, पण सुरुवात इथूनच करावी लागेल.

केळकर रस्त्याला लागून, केसरीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, माझ्या आत्याचं घर आहे. जुना वाडा, पुढे लाकडी गॅलरी. लहानपणी अनंत चतुर्दशीला आम्ही सगळी आते-मामे भावंडं त्या गॅलरीत दाटीवाटीने उभी असायचो. आत्या दर दहा मिनिटांनी येऊन ओरडायची, "अरे, कठडा जुना आहे, रेलू नका!" आम्ही अर्थातच रेलायचो.

त्या वयात मला एक कोडं पडायचं. केसरीवाड्याचा गणपती हा पुण्याच्या मानाच्या पाच गणपतींपैकी पाचवा. पहिला कसबा, दुसरा तांबडी जोगेश्वरी, तिसरा गुरुजी तालीम, चौथा तुळशीबाग आणि मग हा, लोकमान्यांच्या वाड्यातला. आता बघा, केसरीवाड्यातून निघून सरळ नदीवर जायचं म्हटलं, तर दहा मिनिटंसुद्धा लागू नयेत. पण नाही! पालखी आधी नदीकडे पाठ करून पार मंडईच्या बाजूला जाते, बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागते, आपला पाचवा नंबर धरते आणि मग सगळा लक्ष्मी रस्ता पार करून अलका चौकात येते. नदी दाराशी आणि वळसा केवढा! मी आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, "रांग जिथून सुरू होते तिथूनच लागायची असते. मधेच घुसायला ही काय रेशनची लाइन आहे?" (रेशनच्या रांगेत आत्या स्वतः काय करायची, ते मी इथे लिहीत नाही.)

अलका चौकात तर खरी मजा. लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता आणि टिळक रस्ता अशा चार वाटांनी मंडळं येतात आणि सगळ्यांना याच चौकातून पुढे सरकायचं असतं. मधे पोलीस उभे असतात. याला थांबव, त्याला सोड, हात वर, शिट्टी! मिरवणूक चोवीस तासांच्या वरही चालते. तरी एकामागून एक गणपती पुढे जातच राहतात.

गॅलरीत माझ्या शेजारी जो उभा असायचा, तो माझा आतेभाऊ. त्याला विमानांचं वेड. सायकल हाणत हडपसरला जायचा आणि तिथल्या ग्लायडिंग सेंटरच्या कुंपणाबाहेर तासन् तास उभा राहायचा. विंचची लांबलचक तार ग्लायडरला पतंगासारखी वर खेचते, मग तार सुटते आणि बिनइंजिनाचं ते विमान आवाज न करता तरंगत राहतं, हे त्याने मला शंभर वेळा तरी सांगितलं असेल. पुढे तो नोकरीसाठी अमेरिकेत ओहायोला गेला आणि तिथे सवड काढून खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला. परवाना हौसेपुरता, बरं का! त्यावर भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. स्वतः उडावं, फार तर मित्राला शेजारी बसवावं. आपल्याकडेसुद्धा सोळाव्या वर्षी विद्यार्थी वैमानिकाचा आणि सतराव्या वर्षी खासगी वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. तुमच्यातल्या काही जणांना फार वर्षं थांबायचं नाहीये!

तर, अशा हौशी वैमानिकांची एक पंढरी आहे. तिचं नाव ऑशकॉश.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, विनेबागो नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठी हे लहानसं शहर आहे. स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्या लोकांनी १९५३ साली एक संघटना काढली. नाव 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन'. आपल्या कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं ना, तसलीच ही वेडी मंडळी! त्यांचा वार्षिक मेळावा १९७० पासून ऑशकॉशच्या विमानतळावर भरतो, जुलैच्या अखेरीस, आठवडाभर. त्या दिवसांत या भागातल्या विमानतळांवर मिळून दहा हजारांच्या आसपास विमानं उतरतात. लोक आपल्या विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून राहतात. एरवी शांत असलेला तिथला कंट्रोल टॉवर त्या आठवड्यात जगातला सगळ्यात गजबजलेला टॉवर होतो.

एवढी विमानं एका गावात उतरवायची कशी? केसरीवाड्याची पालखी आठवा. कुठूनही या, थेट विमानतळाकडे घुसायचं नाही. नैर्ऋत्येला रिपन नावाचं गाव आहे. तिथे यायचं, एका मागे एक अशी रांग धरायची आणि खालच्या रेल्वेच्या रुळांवरून उडत फिस्क नावाच्या खेड्यापर्यंत जायचं. वेग ९० नॉट, म्हणजे ताशी साधारण १६७ किलोमीटर. उंची समुद्रसपाटीपासून १८०० फूट. गंमत म्हणजे आपली नारायण पेठच समुद्रसपाटीपासून जवळपास तेवढ्या उंचीवर आहे! पण तिथली जमीन सखल, त्यामुळे विमान जमिनीपासून हजारेक फूट वर असतं. जी विमानं एवढी हळू उडूच शकत नाहीत, त्यांच्यासाठी वर २३०० फुटांवर वेगळी, १३५ नॉटची रांग.

फिस्कला अलका चौकातल्या पोलिसांचे भाऊबंद बसलेले असतात. मोकळ्या जागेवर, गुलाबी शर्ट घालून, दुर्बिणी घेऊन. हे विमान-वाहतूक नियंत्रक. एरवी वैमानिक आणि नियंत्रक रेडिओवर एकमेकांशी बोलतात. इथे शेकडो जण एकदम बोलू लागले तर कोणालाच काही कळणार नाही. म्हणून वैमानिकाने तोंड उघडायचंच नाही, फक्त ऐकायचं. नियंत्रक विमानाचा रंग पाहून म्हणतो, "लाल पट्ट्यांचं, वर पंख असलेलं विमान, पंख हलव." विमान डावी-उजवीकडे डुलतं. "छान! आता धावपट्टीकडे वळ." पुढे धावपट्टीवर मोठाले रंगीत ठिपके रंगवलेले असतात. एकाला हिरव्या ठिपक्यावर उतर म्हणायचं, दुसऱ्याला नारिंगी ठिपक्यावर. एकाच धावपट्टीवर एकाच वेळी दोघं-तिघं उतरतात!

वाचताना मजा वाटते ना? मला तर वाटली. मी आतेभावाला फोनवर म्हटलं, "म्हणजे आपली मिरवणूकच की रे!"

तो म्हणाला, "आहे. पण एक फरक आहे. मिरवणुकीत मंडळ थांबू शकतं."

हा फरक नीट समजून घ्या, कारण सगळा धोका त्यातच आहे. उंबऱ्या गणपती चौकात एखादं पथक अर्धा तास वाजवत बसलं, तर मागची मंडळं काय करतील? कुरकुर करतील, चहा पितील. विमानाला चहा पिता येत नाही! पंखांवरून हवा वाहत राहिली तरच ते वर राहतं. मधलं अंतर किमान अर्धा मैल ठेवायचं असतं. ९० नॉट वेगाने ते कापायला किती वेळ लागतो? वीस सेकंद. पुढचा जरा रेंगाळला की मागचा घाबरून आणखी हळू होतो, त्याच्या मागचा त्याहून हळू. वेग एका मर्यादेखाली गेला की हवा पंखांवरून नीट वाहेनाशी होते आणि पंख विमानाला धरून ठेवू शकत नाहीत. याला 'स्टॉल' म्हणतात. तिरकं होऊन जोरात वळलं तर ही मर्यादा आणखी वर चढते. सरळ उडताना ५० नॉटला स्टॉल होणारं विमान ६० अंश कलून, उंची न सोडता वळवलं, तर ७० नॉटलाच स्टॉल होतं. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर, धावपट्टी जवळ दिसत असताना, "अरे, ठिपका चुकतोय!" म्हणून कोणी कचकन वळलं की संपलं. हजार फुटांखाली सावरायला जागा कुठली?

दुसरा धोका डोळ्यांचा. ज्या विमानाचे पंख वर असतात, त्यातून वरचं नीट दिसत नाही. ज्याचे पंख खाली असतात, त्यातून खालचं दिसत नाही. आता पहिल्याच्या डोक्यावर दुसरं आलं तर? दोघांनाही पत्ता नाही! शिवाय हल्ली कॉकपिटमध्ये नकाशाचा पडदा असतो. तिथे नजर चिकटली की बाहेर कोण पाहणार? आणि लांबून आलेला माणूस दमलेला असतो, विमानात तंबू, भांडी, पाण्याचे कॅन कोंबलेले असतात. जड विमान आणि थकलेला वैमानिक. जोडी चांगली नाही.

हे काही मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तिथे हजारो विमानं सुखरूप उतरतात, हे खरंच आहे. पण २९ जुलै २०२३ च्या शनिवारी मेळाव्यात एकाच दिवशी दोन अपघात झाले. सकाळी टी-६ जातीचं एक जुनं प्रशिक्षण विमान विनेबागो तळ्यात कोसळलं. दुपारी एक छोटं हेलिकॉप्टर आणि एक गायरोकॉप्टर एकमेकांवर आदळले. चार माणसं गेली. मेळाव्याला हौसेने आलेली माणसं.

आमचा आतेभाऊ २०१८ साली निघाला. क्लबचं सेसना १७२, चार जणांचं, वर पंख असलेलं विमान. शेजारी एक मित्र. मित्राला एकच काम, बाहेर बघत राहायचं आणि काही दिसलं की बोट दाखवायचं. मिशिगन सरोवराला दक्षिणेकडून वळसा घालून, इंडियानात टाकी भरून ते २२ जुलैच्या रविवारी दुपारी विस्कॉन्सिनला पोचले.

त्या आठवड्याच्या शेवटी हवा वाईट होती. खाली उतरलेल्या ढगांमुळे कित्येक जण अडकून पडले होते. रविवारी दुपारी आभाळ उघडलं आणि सगळे एकदमच निघाले. अनंत चतुर्दशीला सगळ्या मंडळांनी चारही रस्त्यांनी एकाच मिनिटाला अलका चौकात घुसावं, तसं झालं. फिस्कचे नियंत्रक सांगू लागले, "तळ्याभोवती घिरट्या घाला." रिपनजवळ ग्रीन लेक आणि रश लेक अशी दोन तळी आहेत. तळं डावीकडे ठेवायचं आणि गोल गोल फिरत राहायचं. ढिगाने विमानं! कोणी नियम पाळतंय, कोणी मधेच घुसतंय.

आतेभावाने निघतानाच एका कागदावर मोठ्या अक्षरात '५' लिहून तो समोर चिकटवला होता. म्हणजे पाच वाजेपर्यंत नंबर लागला नाही, तर निघायचं. टाकीत तेव्हाही भरपूर पेट्रोल उरणार होतं. मग पाचच का? तर तो म्हणाला, "दादा, तिथे गेल्यावर डोकं ठिकाणावर राहत नाही. आठ महिने वाट पाहिलेली असते. धावपट्टी पलीकडे दिसायला लागते. सगळे चाललेत, आपण का नाही, असं वाटतं. म्हणून घरी डोकं शांत असतानाच ठरवून टाकायचं."

तिसरी घिरटी चालू असताना मित्राने अचानक त्याच्या दंडाला घट्ट धरलं. त्यांच्या विमानावर एक सावली आली होती. डोक्यावरून, फार जवळून, दुसरं विमान खाली येत होतं. आतेभावाने नाक जरा खाली केलं आणि तळ्याकडून बाहेर सरकला. सावली पुढे निघून गेली. त्या वैमानिकाला बहुधा काही कळलंसुद्धा नसेल.

तेव्हा घड्याळात किती वाजले होते, सांगा पाहू? चार चाळीस.

"मग वीस मिनिटं थांबलास?" मी विचारलं.

"छे! हात कापत होते. पाच ही शेवटची वेळ होती रे. त्याआधी निघायला कोणी मनाई केली नव्हती."

त्याने रांग सोडली. पूर्वेला, तळ्याच्या दक्षिण टोकाशी फाँड्यू लॅक नावाचं गाव आहे, तिथल्या विमानतळावर तो उतरला. त्याच्यासारखे बरेच जण तिथे आधीच येऊन बसले होते. पुढल्या वर्षी, २०१९ मध्ये, ऑशकॉशची येण्याची पद्धतच सुधारली. गर्दी वाढली की रांग रिपनच्या आणखी अलीकडून, ग्रीन लेक, पकअवे लेक किंवा एंडेव्हरचा पूल अशा लांबच्या खुणांपासून सुरू करायची असं ठरलं. म्हणजे बेलबागेऐवजी आणखी मागे, नाही का?

फाँड्यू लॅकहून एका भल्या माणसाने दोघांना आपल्या मोटारीतून मेळाव्याला नेलं. आतेभावाने तिथून आत्याला फोन लावला. पुण्यात तेव्हा सोमवारची पहाट होती आणि आत्या रात्रभर जागीच होती.

"पोचलास का रे?"

"पोचलो, आई. पण गाडीने."

"आणि विमान?"

"अलीकडच्या गावात उभं केलंय. इकडे फार गर्दी होती."

आत्या क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं केलंस. गणपतीत आपणही स्कूटर नदीपलीकडेच लावून चालत येतो की!"