भिडेपोटी घेतलेली कढई

सकाळी साडेनऊला फोन वाजला तेव्हा माझे हात भाकरीच्या पिठात होते. पलीकडे आमच्या भिशीतल्या वहिनी. त्यांच्या सासूबाई पहाटे न्हाणीघरात पडल्या होत्या, त्यांना सांगलीला न्यायचं होतं. आणि त्याच दिवशी चार वाजता त्यांच्या घरी भांड्यांचा डेमो ठरला होता. पंधरा बायकांना सांगून झालं होतं. कंपनीची बाई कराडहून निघाली होती. "तुमच्याकडं ठेवता का? तुमचा सोपा मोठा हाय," वहिनी म्हणाल्या. मी हो म्हटलं. सासू दवाखान्यात असताना कुणी असं विचारलं तर पलूसमध्ये नाही म्हणत नाहीत.

२००३चा डिसेंबर होता तो.

घरात भांडी येण्याची तऱ्हा माझ्या लहानपणापासून पाहत आले होते. माझं माहेर शेजारचं कुंडल. तिथं बोहारीण यायची. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं. आई तिच्यासमोर वडिलांच्या दोन पँटी आणि जरीची काठ उसवलेली साडी ठेवायची, मग तासभर घासाघीस. त्या घासाघिशीला भीड नावाची गोष्ट नव्हती. बोहारीण पाटी उचलून निघाल्यासारखं करी, आई दार लोटून घेतल्यासारखं करी आणि शेवटी एक पातेलं घरात येई. पातेल्याचं बूड पातळ निघालं तर आई पुढच्या खेपेला बोहारणीलाच धरायची. वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा. भात्याचा आवाज, तापलेल्या पितळेवर नवसागर टाकल्यावर उठणारा पांढरा धूर, आणि मग कापसाच्या बोळ्यानं फिरवलेलं कथील चांदीसारखं चमकताना दिसायचं. तो आमच्या अंगणात, आमच्या डोळ्यांदेखत काम करायचा. कल्हई नीट बसली नसेल तर ते तिथंच कळे.

स्वयंपाक समजावून सांगणारं पुस्तकही आमच्या कुंडलच्याच लेकीनं लिहिलं. कमलाबाई ओगले १९१३ साली कुंडलला जन्मल्या आणि त्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. आईला त्याचं भारी अप्रूप. पुस्तकात मापं होती ती वाटीची आणि चमच्याची, म्हणजे ज्या घरात तराजू नाही त्या घराची. पुस्तक वाचणारीच्या स्वयंपाकघरात काय असेल नि काय नसेल, याचा विचार कुणीतरी आधी केलेला होता. मला हे तेव्हा कळलं नव्हतं. कळलं ते कढईच्या प्रकरणानंतर.

तर चार वाजले. कंपनीची बाई आली, दोन मोठ्या बॅगा, इस्त्रीची साडी, तोंडात साखर. तिनं ओट्याऐवजी सोप्यातच माझी गॅसची शेगडी मांडायला लावली. कांदे, तांदूळ, दूध, साखर, सगळं घरातलंच लागलं. वांगी मी मुद्दाम कृष्णाकाठची आणवली होती, थंडीतली, काटेरी देठाची. सतरंजी कमी पडली म्हणून वरच्या खोलीतली चादर काढली. चहाला दूध पुरेल की नाही, ही धाकधूक वेगळीच.

तिनं खरंच छान करून दाखवलं. थेंबभर तेलात वांग्याची भाजी, भट्टीशिवाय केक, चिकटलेलं दूध फडक्यानं एका फटक्यात पुसून टाकलेलं. आमच्याकडं असल्या कुठल्याही काळ्या भांड्याला 'निर्लेप' म्हणतात. १९६८ साली सुरू झालेल्या औरंगाबादच्या कारखान्याचं ते नाव, पण बायकांच्या तोंडी ते भांड्याचंच झालं. या बाईची भांडी दुसऱ्याच कंपनीची होती. पुढं बसलेल्या आजींनी भाजी बोटानं चाखली आणि म्हणाल्या, "चव हाय गं, पन तवंग कुठाय?" सगळ्या हसल्या. दुसरीनं विचारलं, हे काळं पोटात जात नाही ना? बाईनं त्याचं उत्तर पाठ केलेलं होतं.

या प्रश्नावरून मला किर्लोस्करवाडीची गोष्ट आठवते. आमच्या पलूसपासून हाकेच्या अंतरावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभारला. त्याआधी बेळगावला त्यांनी लोखंडी नांगर केला, तर शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमिनीला विष चढतं. नांगर विकले जायला दोन वर्षं लागली. नवं अवजार लोक उगाच नाकारत नाहीत. नांगर बिघडला तर त्यांचं वर्ष जातं, विकणाऱ्याचं नव्हे. काळं पोटात जाण्याचा तो प्रश्न त्याच जातीचा होता, आणि त्याला पाठ केलेलं उत्तर पुरेसं नव्हतं.

डेमो संपला, बाईनं कागद काढले. इथं सोप्याची हवाच बदलली. ज्या बायका बाजारात मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून निघून जातात, त्या माझ्या घरात कागदावर नावं घालू लागल्या. माझा चहा प्यायलेला, माझ्या सतरंजीवर बसलेल्या. रिकाम्या हातानं उठायचं कसं? एकीनं तवा घेतला, दुसरीनं कढई, "उसाचं बिल आलं की देते" म्हणत. जितकी विक्री जास्त तितकी यजमानणीला मोठी भेटवस्तू, हे बाईनं मला आत स्वयंपाकघरात हळूच सांगितलं होतं. बाहेर कुणाला ते माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

पुढं वाचनात आलं की ही रीत अमेरिकेतली. अर्ल टपर यांनी १९४६च्या सुमारास झाकणाचे प्लॅस्टिक डबे बाजारात आणले, ते दुकानात पडून राहिले, कारण झाकण दाबून हवा कशी काढायची हे दुकानात कुणी दाखवत नसे. ब्राउनी वाइज नावाच्या बाईंनी ते घरोघरी मैत्रिणी जमवून दाखवलं. १९५१ साली कंपनीनं माल दुकानांतून काढूनच घेतला. १९९६ साली ते डबे भारतात आले. वाइजबाईंची हुशारी मला मान्य आहे. एकटीला कमाईची वाट त्यांनी दाखवली, आणि कित्येक बायकांनी तिच्यावर संसार उभे केले. पण त्या रीतीचा कणा यजमानणीचं घर असतं, तिची ओळख असते. डबा विकला जातो तो तिच्या शब्दावर.

त्या दिवशी दाराशी एक बाई बसली होती. द्राक्षबागेत विरळणीला जायची, मजुरीवर. नवरा ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर. वहिनींनी तिला आग्रहानं बोलावलं होतं. सगळ्यांत शेवटी ती उठली आणि कढईपुढं नाव घातलं. साडेआठशे रुपये, चार हप्ते. मला वाटलं, बरं झालं, हिच्याही घरात एक चांगलं भांडं येईल. हे मला मनापासून वाटलं होतं, हेच अजून सलतं.

कारण तिच्या घरी गॅस नव्हता. चूल होती. आणि हे त्या सोप्यात कंपनीच्या बाईला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. तिच्या अंगणातल्या चुलीवरची भाकरी मी खाल्ली होती.

त्या काळ्या थराचं शास्त्र मी नंतर समजून घेतलं. टेफ्लॉन म्हणतात त्याला, १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांच्या हाती तो योगायोगानं लागला. साधारण २६० अंशांच्या वर तो बिघडू लागतो. गॅसच्या मोठ्या आचेवर रिकामी कढई काही मिनिटांत तिथवर पोचते. चुलीचा जाळ तर बुडालाच नाही, कडेनंही चाटत वर येतो, आणि आपल्याकडं फोडणीचं तेल धूर येईतो तापवायची सवय. वर लोखंडी उलथनं. असल्या घरात ती कढई टिकणारच नव्हती.

फेब्रुवारीत ती मागच्या दारानं आली. पदराखाली कढई. आतला थर पोपडे धरून सुटलेला, मूठ जळून ढिली झालेली. दोन हप्ते भरून झाले होते. "वैनी, तुमचं काय चुकलं न्हाई. पन इचारावं म्हटलं," ती म्हणाली. मी कराडच्या नंबरवर फोन लावला. दुसऱ्याच कुणीतरी उचलला. चुलीवर वापरली असेल तर कंपनी जबाबदार नाही, असं सांगून ठेवून दिला. त्यांच्या कागदावर ते बारीक अक्षरात छापलेलंही होतं. तो कागद तिनं वाचलेला नव्हता. तिला वाचता येत नव्हतं. आणि माझ्याकडं तो पडून होता.

मी तिला भरलेले पैसे दिले, उरलेले हप्ते मी भरले आणि कढई ठेवून घेतली. ती पैसे घेईना. शेवटी मी म्हटलं, घर माझं होतं. हे एवढं तिला पटलं. पुढच्या आठवड्यात तिनं पोराकरवी पाटीभर वांगी पाठवली. ती मी परत केली नाहीत. तशी परत केली असती तर तिनं माझ्या दारात पाय ठेवला नसता.

डेमोची भेटवस्तू म्हणून मला मिळालेला चार डब्यांचा संच मी वहिनींना देऊन टाकला. कढई मात्र ठेवली. थर खरवडून काढला तर खाली साधं ॲल्युमिनियम. तिच्यात मी कधी शेंगदाणे निवडते, कधी कुंडीला पाणी घालते. सुनेनं दोनदा भंगारात काढली, दोन्ही वेळा मी परत आणली.

आता आमच्या बचत गटाची बैठक महिन्याच्या पहिल्या शनिवारी माझ्याच सोप्यात होते. २०१६पासून उज्ज्वला योजनेतून गॅस बऱ्याच घरांत पोचला, पण सिलिंडर जपून वापरायचा म्हणून पाणी आणि भाकरी अजून चुलीवरच. गेल्या वर्षी बैठकीच्या शेवटी एक मुलगी इंडक्शनवर चालणारी भांडी घेऊन आली. चांगली, चुणचुणीत मुलगी, बी.कॉम. झालेली. तिनं बॅग उघडायच्या आत मी सगळ्यांसमोर विचारलं, "चुलीवर चालतं का हे? आणि तुझ्या विक्रीतलं मला काय मिळणार हाय?"

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "नाही मावशी, चुलीवर नाही चालत. आणि तुम्हाला एक पातेलं मिळेल." मी पातेलं नको म्हटलं. मग तिनं भांडी मांडली. एकवीस बायकांपैकी चौघींनी घेतली. बाकीच्या चहा पिऊन उठल्या आणि चपला घालून घरी गेल्या.