जुन्या गावातलं सोनं

२०२५ च्या मार्च महिन्यात बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याला लोक रात्री-रात्री शेतं उकरत होते. ‘छावा’ सिनेमा नुकताच लागला होता, त्यात बऱ्हाणपूरवरच्या स्वारीची आणि तिथल्या मोगली खजिन्याची गोष्ट. त्यात भर म्हणून रस्त्याच्या कामातली माती कुणाच्या तरी शेतात पडली आणि तिच्यात सोन्याची नाणी सापडली, अशी आवई उठली. मग काय, मोबाइलचे टॉर्च, चाळण्या, टोपल्या, आणि काहींच्या हातात मेटल डिटेक्टर. माझ्या भाच्याने तो व्हिडिओ मला पाठवला. खाली एकच ओळ: ‘खाला, अपनी हवेली?’

मी हसण्यावारी नेलं. आठ-दहा दिवसांनी तो ऑनलाइन मागवलेलं मशीन घेऊनच दारात उभा राहिला.

‘अपनी हवेली’ म्हणजे माझ्या नानीचं सासर. तेरणेच्या काठचं, औसा तालुक्यातलं एक गाव. तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता आणि राज्य निजामाचं. नानांचे वडील तहसिलीत पेशकार होते. त्यामुळे हवेली म्हटलं तरी फार मोठं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. एक देवडी, दोन दालनं, मधे हौद, मागच्या अंगाला निंबाचं झाड आणि एका कोपऱ्यात अर्धवट बुरूज. बुरूज कशासाठी बांधला होता हे घरात कुणालाच सांगता येत नाही. बहुधा शेजाऱ्याच्या गढीला होता म्हणून.

सप्टेंबर १९४८ मध्ये ते घर सुटलं. १३ तारखेला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्याआधी रझाकारांनी गावोगाव जो हैदोस घातला त्याचा हिशेब नंतर ज्यांच्याकडून वसूल झाला, त्यांत रझाकारांशी काडीचा संबंध नसलेली माणसंही खूप होती. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घेतलं आहे. मी दर १७ सप्टेंबरला शाळेत झेंड्याला सलामी देते, मुलांना मुक्तिसंग्राम शिकवते आणि मनापासून शिकवते. त्याच महिन्यात माझी विशी न ओलांडलेली नानी एक पानदान मांडीवर घेऊन बैलगाडीतून औशाला निघाली होती, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी एकाच छातीत ठेवायची आम्हाला सवय झाली आहे. पुढे नानांनी ती जागा विकून टाकली, मिळेल त्या भावात.

नानी २००३ मध्ये गेली, मी बी.एड. करत होते तेव्हा. शेवटच्या दिवसांत ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची, ‘मेरा सोना वहींच रह गया, नीम के नीचे.’ खानदानात या वाक्याचा अर्थ एकच लावला गेला. मामूंनी तर लग्नातल्या दागिन्यांची यादी आठवून किती तोळे असावं याचा हिशेबही मांडला होता. मामू रिटायर झाले, वारले, हिशेब मात्र पुढच्या पिढीकडे आला. भाच्याच्या हातातलं मशीन म्हणजे त्या हिशेबाचाच एक आकडा होता.

मी का गेले? माझं तोंड नको म्हणत होतं. पण ‘आपको फारसी पढ़ने आती, कुछ मिला तो कौन पढ़ेंगा?’ असं तो म्हणाला आणि मी विरघळले. शिवाय मलाही तोळे दिसत होतेच. घराच्या कर्जाचे हप्ते भरणाऱ्या बाईला तोळे दिसतातच.

आता गावाविषयी. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. जाड दगडी भिंती, त्यात चिखलाचा दर्जा, वर मातीचं जड माळवद. झोपलेल्या माणसांवर तीच घरं बसली. मग कित्येक गावं दुसरीकडे नव्याने वसली आणि जुनी गावठाणं तशीच राहिली, बाभळी आणि घाणेरीच्या स्वाधीन. आमच्या हवेलीचा जो काही भाग उभा होता तोही त्या पहाटे बसला. ज्याला आपण पडका वाडा म्हणतो तो सहसा शंभर-दीडशे वर्षांत हळूहळू पडतो. इथे एका मिनिटात सगळं गाव पडकं झालं होतं.

जागा आज ज्यांच्या नावावर आहे ते आप्पा नव्या गावात राहतात. पंच्याऐंशीच्या आसपासचे, कपाळावर भस्म, कानाने थोडे कमी. परवानगी मागितली तर हसले. ‘बाई, तुमच्या माणसांनी सोनं पुरलं असतं तर माझ्या बापाला घावलं नसतं व्हय? बापानं तीनदा उकरलं. येकदा तर भगत आणला व्हता, काळं बोकड घेऊन. पायाळू पोरगं पन आनलं व्हतं.’ पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेलं मूल. त्याला जमिनीतलं धन दिसतं अशी समजूत. गुप्तधनाच्या नादात या महाराष्ट्रात लेकरांचे बळी गेले आहेत, आणि अशा अघोरी प्रकारांना गुन्हा ठरवणारा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतरच वटहुकूम म्हणून येऊ शकला. मशीन त्या मानाने सज्जन. त्याला बोकड लागत नाही, सेल लागतात. पण हाव तीच आहे, हे मला आप्पांच्या हसण्यात ऐकू आलं.

‘या, म्या बी येतो,’ असं म्हणून ते काठी टेकत सोबत निघाले.

मशीनचं शास्त्र सोपं आहे. खालच्या तबकडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलता चुंबकीय प्रभाव जमिनीत जातो, धातू असेल तर त्यात वीज फिरू लागते, आणि त्या विजेची चाहूल वेटोळ्याला परत लागते. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने याच तत्त्वाचं यंत्र आणलं होतं. गोळी सापडली नाही, अध्यक्ष वाचले नाहीत. गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ केला असं सांगतात. आमच्याकडे स्प्रिंगांच्या जागी काळी माती होती. बेसॉल्टची माती, तिच्यात लोहाचे कण, त्यामुळे मशीन सारखं कुरकुरत होतं. शिवाय नाण्याएवढी वस्तू वीतभर, फार तर सव्वा वीत खोल असेल तरच त्याला कळते. ‘पाच हात खोल हंडा’ वगैरे विसरा. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट भाच्याला तिथे पोचल्यावर कळली. बारीक सोनं आणि अॅल्युमिनियमचा चुरगळलेला कागद यांना अशा मशीनवर जवळजवळ एकच आवाज येतो. पहिल्या तासात आम्ही मोठ्या आशेने गोळ्यांची पाकिटं, दारूच्या बाटल्यांची झाकणं आणि खिळे काढले. खिळे खूप.

मग देवडीच्या उंबऱ्यापाशी स्वच्छ आवाज आला. चार बोटं खोल, चिखलाने काळवंडलेली एक चकती. मी ओढणीच्या टोकाने पुसली आणि चारमिनार वर आला. त्याच्या मधल्या कमानीत एक छोटासा ‘ऐन’. मीर उस्मान अली खानच्या नावातलं पहिलं अक्षर. त्याच्या वडिलांच्या, महबूब अलींच्या नाण्यांवर त्याच जागी ‘मीम’ असतो. मागे ‘ज़र्ब फ़र्ख़ुंदा बुनियाद हैदराबाद’, म्हणजे शुभ पायाच्या हैदराबादेत पाडलेलं. हाली सिक्क्यातली चांदीची पावली, चार आणे. हिजरी सनातले शेवटचे दोन आकडे झिजलेले. वीस वर्षं मुलांना ‘ऐन’ फळ्यावर काढून दाखवते आहे; तो असा मातीतून वर येईल असं वाटलं नव्हतं. माझा हात थरथरत होता, कबूल करते.

भाचा नाणं खिशात टाकणार, तेवढ्यात मी घेतलं. १८७८ चा इंग्रजी अमदानीतला कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. मालक निघाला नाही तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक हिस्सा जमिनीच्या मालकाचा. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद. दहा रुपयांची मर्यादा आज हास्यास्पद वाटते, पण कायदा मूर्ख नाही. त्याला वस्तूइतकीच जागाही कळायला हवी आहे. इंग्लंडात हॉक्सन गावी १९९२ मध्ये एक माणूस शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा डिटेक्टरने शोधत होता आणि त्याला रोमन नाणी लागू लागली. त्याने खणणं थांबवून कळवलं. पंधरा हजारांच्या घरात नाणी निघाली, आणि कशाशेजारी काय ठेवलं होतं तेही कळलं, कारण उरलेलं जाणकारांनी खणलं. आपल्याकडे किती गढ्यांतून किती हंडे निघाले आणि सोनाराच्या भट्टीत गेले, याचा हिशेब कोण देणार? असो. मी अर्ज करणार आहे. पावलीचा अर्ज पाहून कलेक्टर कचेरीत हसतील, हसू देत.

त्यानंतर जे झालं त्यासाठी मी हे लिहायला बसले.

हवेलीच्या पडक्या भिंतीला लागून मशीन जोरात ओरडलं. एवढा मोठा आवाज दिवसभरात आला नव्हता. भाच्याने हातभर उकरलं. पितळेचा तांब्या निघाला, एका बाजूने चेपलेला, हिरवा पडलेला. त्याच्या गळ्याखाली नाव टाकलेलं होतं, आपल्याकडे लग्नाच्या भांड्यावर टाकतात तसं, देणाऱ्याचं आणि घेणारीचं, आणि १९८९ साल. मी नाव मोठ्याने वाचलं. शिक्षकाची खोड, दिसलं की वाचायचं.

आप्पा जवळ आले. ‘काय म्हनलात?’

मी पुन्हा वाचलं, या वेळी हळू. त्यांनी तांब्या हातात घेतला आणि तिथल्याच दगडावर बसले. ती त्यांची धाकटी सून होती. हवेलीच्या भिंतीला टेकून त्यांच्या धाकट्या मुलाचं घर होतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आमच्या डोक्यात १९४८ होतं. त्यांच्या डोक्यात १९९३. आम्ही ज्या भिंतीला ‘अपनी’ म्हणत होतो ती त्या पहाटे तिच्या अंगावर पडली होती. भाच्याने मशीन बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आप्पाच म्हणाले, ‘चिंचंनं घासला की निघंल.’

निघताना भाच्याने निंबाकडे पाहिलं. झाड अजून आहे, एक फांदी वाळलेली. माझ्याकडे, मग आप्पांकडे पाहून त्याने विचारलं, ‘वहाँ एक बार देखू?’ आप्पांनी मान हलवली, ‘बघ, पन खनू नगं. तिथं लेकरू हाय.’

कसलं लेकरू? मी विचारलं. ते म्हणाले, त्यांची आई सांगायची. पेशकाराच्या सुनेचं पहिलं मूल देवीच्या साथीत गेलं, रझाकारीच्या आदल्या पावसाळ्यात. कबरस्तान नदीपलीकडे, तेरणेला पूर, गाडी उतरेना. म्हणून परसातच दफन केलं. आप्पांच्या बापाने सगळी हवेली उकरली, निंबाचा बुंधा तेवढा सोडला, तो यामुळेच.

अम्मी नानीची पहिली मुलगी, असंच आम्ही आजवर समजत होतो. नानी या मुलाबद्दल कधी बोलली नाही. की बोलली, आणि आम्ही तोळे मोजत बसलो? आमच्या दखनीत लाडाने लेकराला ‘मेरा सोना’ म्हणतात, मराठीत ‘सोन्या’. नक्की काय ते मला माहीत नाही. दागिनेही असतील, बायका घर सोडताना पुरत असतच. भाच्याला अजूनही तसंच वाटतं, आणि त्याला चूक ठरवायला माझ्याकडे पुरावा नाही.

त्याने मशीन सुरू केलं आणि बुंध्याभोवती एक फेरी मारली, अगदी सावकाश, तबकडी जमिनीला न लागू देता. कफनात धातू नसतो. काळ्या मातीची ती नेहमीची कुरकुर सोडली तर मशीन गप्प होतं. मी उभ्या-उभ्याच फातिहा पढले. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

खड्डे बुजवायला दीड तास लागला. आप्पा एकेका खड्ड्यापाशी उभे राहून ‘आनखी माती घाल’ म्हणत होते. तांब्या त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून नेला.

औशाच्या रस्त्याला लागल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘खाला, उस बच्चे का नाम क्या था?’

रात्री मी अम्मीला फोन करून विचारलं. तिलाही माहीत नव्हतं.