जुनी मोटार आणि चोर्ल्याचा घाट

खानापुराहून पश्चिमेकडे जांबोटीची वाट धरली म्हणजे थोड्याच वेळात माणूस एका निराळ्या मुलखात शिरतो. भाताची शेते मागे पडतात, रान दाट होत जाते आणि हवेत ओल्या पाल्याचा गंध येऊ लागतो. पुढे कणकुंबीस मलप्रभेचा उगम आहे. ही नदी खानापुरावरून पूर्वेस वाहत जाऊन कूडलसंगमास कृष्णेला मिळते, म्हणजे तिचे पाणी अखेरीस बंगालच्या उपसागरात जाते. त्याच कणकुंबीच्या परिसरात पडलेले दुसरे पाणी मात्र कळसा नाल्यातून म्हादईत आणि तेथून अरबी समुद्रास पोचते. शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांची ही ताटातूट आठवली की मी तेथे क्षणभर थांबतो. त्यानंतर चोर्ला येते, आणि मग रस्ता एकदम खाली झेप घेतो. वळणामागून वळण, एका बाजूस डोंगराची भिंत, दुसऱ्या बाजूस दरी, आणि तळाशी गोव्यातील केरी गावाजवळचे अंजुणे धरणाचे पाणी.

ह्या वाटेने मी बसमधून गेलो आहे, मोटारसायकलवरून गेलो आहे, आणि माझ्या आधीच्या फादरांकडून वारशाने मिळालेल्या मारुती 800 मधूनही कित्येक वर्षे गेलो आहे. परंतु गेल्या हिवाळ्यात येथे जावयाचे झाले ते एका मोटारीची परीक्षा घेण्यासाठी. अशी परीक्षा आपल्यापैकी पुष्कळांना आज ना उद्या घ्यावी लागणार आहे, म्हणून ती हकिकत सविस्तर सांगतो.

खानापूर तालुक्यातील एका खेड्यात आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. वडील शिक्षकी पेशातून निवृत्त झालेले. मुलगी बेळगावातील एका रुग्णालयात परिचारिका, आणि धाकटा मुलगा अद्याप शिकत असलेला. मुलीची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. दिवसा बस मिळते, परंतु रात्री उशिरा पाळी सुटली की पहाटेच्या पहिल्या बसची वाट पाहत रुग्णालयाच्या बाकावर बसून राहावे लागे. एकदा अशीच ती ताप अंगात घेऊन रात्रभर बसली, आणि दुसऱ्या दिवशी वडिलांनी जाहीर केले की घराची कौले उतरवून नवे छप्पर घालण्यासाठी ठेवलेल्या पैशांतून मोटार घ्यावयाची. छप्पर आणखी दोन पावसाळे तग धरील, असे त्यांचे म्हणणे. रक्कम पाच लाखांची होती, आणि ह्या रकमेत कागदपत्रे, विमा व निघतील त्या दुरुस्त्या, सारे भागवावयाचे होते. चूक झाली असती तर छप्परही गेले असते आणि मोटारही.

मुलाचे मन उंच, रुंद, डिझेलच्या गाडीवर जडले होते. रस्त्यावर तिचा रुबाब असतो हे खरेच. परंतु अशा गाडीचे वजन पुष्कळदा दीड टनाहून अधिक भरते, आणि हा भार रोज बेळगावच्या गर्दीत घेऊन हिंडावयाचा असतो. मी कागदावर हिशेब मांडला. गाव ते बेळगाव जाऊन येऊन सुमारे 50 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 1250 किलोमीटर. लिटरमागे 18 किलोमीटर देणाऱ्या लहान पेट्रोल गाडीस ह्याकरिता सुमारे 70 लिटर लागतात. ह्याहून फार अधिक धावणाऱ्यासच डिझेलची बचत दिसून येते. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 ह्या प्रदूषणनियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी जाळी असते. ती अधूनमधून लांबच्या, सलग धावेत तापून स्वच्छ व्हावी लागते, आणि गर्दीतल्या तुटक फेऱ्यांनी तुंबू शकते. मुलाने कागद उलटा करून पाहिला, जणू मागे काही वेगळे उत्तर लिहिले असावे. तरी तो समजला.

शोध सुरू झाला. पहिली मोटार कोल्हापुराकडची निघाली. एम. एच. 09 क्रमांकाची, चकचकीत, आणि बाजारभावाहून बरीच स्वस्त. वडील तर खिशात विसार घेऊनच निघाले होते. सुदैवाने आमच्या गावचे मिस्त्री बरोबर होते. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेही नाही. मागील आसनावर बसून त्यांनी सुरक्षापट्टा हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढला. नेहमी गुंडाळीत राहणाऱ्या भागावर तांबूस मातीची आडवी रेघ होती. मग त्यांनी पायातील गालिचा उचलून आसनाच्या पट्ट्यांच्या खाचांत बोट फिरविले. तेथेही तीच बारीक माती. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर, सांगली आणि आमच्या बेळगाव जिल्ह्यात आलेला पूर वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या पाण्यात किती गाड्या बुडाल्या आणि धुऊन पुसून पुन्हा बाजारात उभ्या राहिल्या, कोण सांगणार? बुडालेल्या गाडीच्या तारा आतून गंजत जातात आणि दोष वर्षा दोन वर्षांनी, भलत्याच वेळी, भलत्याच ठिकाणी उभा राहतो. "फादर, रंग काय, कोणीही देतो," एवढेच मिस्त्री म्हणाले. परतीच्या वाटेवर वडील बराच वेळ बोलले नाहीत.

दुसरी मोटार गोव्यातील होती. ती बुडालेली नव्हती, मालकही सज्जन. परंतु समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्याने चाकांवरील कमानी आणि दरवाजाखालील पत्रा आतून पोखरला होता. रंगाला आलेले फोड नखाने दाबले तर पापुद्रे सुटले. आणि समजा पत्रा धड असता, तरी गोव्याची गाडी कर्नाटकात कायम आणावयाची म्हणजे तेथील परिवहन कार्यालयाकडून नमुना क्रमांक 28 चे ना-हरकत पत्र काढावे लागते, येथे गाडीच्या वयाप्रमाणे कर भरावा लागतो, आणि तेथे भरलेल्या कराचा परतावा मागण्यासाठी पुन्हा हेलपाटे घालावे लागतात. आम्ही सीमेवरचे लोक. तीन राज्यांच्या गाड्या आमच्या दारावरून जातात, आणि पलीकडची नेहमी स्वस्त वाटते. कर व हेलपाटे त्या किमतीत मिळवावेत, आणि मगच ती स्वस्त म्हणावी.

म्हणून मग बेळगावचाच, के. ए. 22 क्रमांक पाहावा असे ठरले. येथे दोन मोटारी उरल्या. एक 2018 साली निघालेली नव्या घडणीची स्विफ्ट, आणि दुसरी 2020 ची टियागो. दोन्ही पेट्रोलच्या, दोन्ही हाताने गिअर बदलावयाच्या.

माझे मन स्विफ्टकडे होते, हे येथे कबूल केले पाहिजे. तिचे वजन 900 किलोच्या आत, इंजिन 1197 घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे आणि फिरण्यास अति उत्सुक. सुकाणू जरा वळविले की ती वळते. पुष्कळांस वाटते, मोटार चालविण्याचा आनंद म्हणजे वेग. हा समज मारुती 800 ने माझ्या मनातून कधीच काढून टाकला होता. 796 घनसेंटिमीटरचे ते इवलेसे इंजिन, तीन सिलिंडरांचे. परंतु ती गाडी इतकी हलकी होती की घाटात ताशी 40 किलोमीटरनेही हात, पाय आणि कान कामात गुंतून राहत. बलाढ्य मोटारीत त्याच वेगाने माणसाला झोप येईल. 1983 च्या डिसेंबरात ती गाडी आली आणि 2014 च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. दरम्यान देशातील किती लोक तिच्यावर मोटार शिकले असतील!

दोन्ही मोटारी घाटात नेण्यास मालकांनी संमती दिली. एका रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दुसरी. मिस्त्रींची अट एकच होती, इंजिन आदल्या रात्रीपासून थंड असले पाहिजे. विकणारा मनुष्य पुष्कळदा आपण येण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवतो, आणि तापलेले इंजिन आपले दुखणे लपविते. थंड इंजिन सुरू करताच मागील नळीतून निळसर धूर आला तर ते तेल जाळीत आहे असे समजावे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर थंडाव्याचे पाणी तेलात मिसळत असण्याचा संभव असतो. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. मोटार 30,000 किलोमीटर धावली असे आकडा सांगतो, आणि पायातील ब्रेकच्या दांड्याचे रबर गुळगुळीत झिजले आहे, तर खरे कोण बोलते हे उघड आहे.

चोर्ल्याच्या चढणीवर क्लचची परीक्षा आपोआप होते. वरच्या गिअरात भार दिला असता इंजिनाचा आवाज चढतो, परंतु गाडीचा वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच घसरतो आहे. उतारावर ब्रेकची परीक्षा. मोकळ्या, सरळ जागी ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढते का ते पाहावे. येथे तरुण चालकांस एक विनंती आहे. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवू नये. ज्या गिअरात तो चढ चढावा लागतो, साधारणपणे त्याच गिअरात तो उतरावा, म्हणजे इंजिनच गाडीस मागे धरते. नाहीपेक्षा सतत दाबलेले ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर पकड सोडतात.

स्विफ्टने मला अगदी जिंकले. घाट चढताना दुसऱ्या गिअरातून तिसऱ्यात जाताना ती गुणगुणत होती, आणि मी, चाळिशी उलटलेला मनुष्य, एका वळणावर मोठ्याने हसलो. मागे आई बसली होती. मागील खिडकी लहान, काच उंच चढत गेलेली. बाहेरचे पुरेसे दिसेना, आणि कणकुंबीस पोचेपर्यंत तिला भोवळ आली. ती मुकाट्याने हातातील लिंबू हुंगत राहिली. आम्ही पुढे बसलेल्यांनी ते पाहिलेच नाही.

टियागो तितकी चपळ नाही. तिचे 1199 घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे इंजिन उभ्या गाडीत किंचित थरथरते आणि चढावर गिअर जरा लवकर उतरवावा लागतो. परंतु ती वळणावर जड पावलाने, ठामपणे चालते. तिच्यात दुसऱ्या प्रकारचा आनंद आहे. रस्त्याची पकड सुटणार नाही, असा भरवसा हाताला मिळतो. खड्डेही तिने शांतपणे गिळले.

तरीही मी स्विफ्टचीच वकिली करीत राहिलो असतो, परंतु मुलगी बोलली. "बाबा," ती म्हणाली, "अपघातात सापडलेली माणसे आमच्याकडे येतात ती मी पाहते. मला गाडीचे पळणे सांगू नका, आपटल्यावर काय होते ते सांगा." आता ह्याची उत्तरे उपलब्ध आहेत. ग्लोबल एनकॅप ही संस्था मोटारी भिंतीसारख्या अडथळ्यावर आदळवून त्यांस पाचपैकी तारे देते. भारतात विकल्या जाणाऱ्या स्विफ्टला 2018 साली तिने दोन तारे दिले, आणि टियागोला 2020 साली चार. दोन्हींत पुढे दोन हवेच्या उश्या होत्या. मी गप्प बसलो. जी व्यक्ती रात्री दोन वाजता ह्या रस्त्याने एकटी येणार, तिने मागितलेली गोष्ट माझ्या हसण्याहून मोठी होती.

किंमत चार लाख वीस हजारांवर तुटली. मोटारीवर पूर्वी कर्ज होते, म्हणून बँकेचे कर्जफेडीचे पत्र आणि नमुना 35 आधी मागितला, त्यानंतरच पैसे दिले. मालकी बदलण्यासाठी नमुना 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या झाल्या. विम्याचे नावही चौदा दिवसांच्या आत बदलून घेतले. अपघात न केल्याबद्दल जुन्या मालकास मिळालेली विमाहप्त्यातील सूट मात्र त्याच्याबरोबरच जाते, ती गाडीबरोबर येत नाही. वडिलांस ह्याचे फार वाईट वाटले. पुढील दोन टायर जुने निघाले, ते बदलले. पेट्रोलात हल्ली वीस टक्के इथेनॉल असते आणि 2023 च्या एप्रिलपूर्वीच्या पुष्कळ गाड्या त्यासाठी खास बांधलेल्या नाहीत, म्हणून मिस्त्रींनी इंधनाच्या रबरी नळ्या दरवर्षी तपासावयास सांगितले. सारा खर्च जाऊन जे उरले त्यात छपराच्या पावसाकडील बाजूची कौले तेवढी नवी झाली.

पहिली लांबची फेरी अर्थातच चोर्ल्याची. मुलीची साप्ताहिक सुटी होती. केरीपर्यंत तिने गाडी नेली. तेथे धरणाच्या बाजूस थांबून आम्ही घरचे सन्नास खाल्ले आणि चहा घेतला. डिझेलच्या गाडीसाठी हिरमुसलेल्या भावाने परतीचा चढ मागून घेतला. बहीण शेजारी बसून प्रत्येक वळणापूर्वी "हॉर्न दे" म्हणत होती. वडील मागे, आईच्या शेजारी. कणकुंबीस गाडी थांबली तेव्हा आई खाली उतरली, पदर सारखा केला, आणि मुठीतले लिंबू, न हुंगलेले, तसेच परत पिशवीत टाकले.